सीट मऊ असूनही दुखतं का? लांबच्या सायकल प्रवासासाठी योग्य सीट कशी निवडायची?

बीड जिल्ह्यातलं चौसाळा हे धुळे-सोलापूर महामार्गावरचं, म्हणजेच राष्ट्रीय महामार्ग ५२ वरचं गाव. इथून दक्षिणेला निघालं की येरमाळा, येडशी, धाराशिव आणि पुढे तुळजापूर. अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास. नवरात्रात ज्योत घेऊन पळणारी पोरं या रस्त्यावर नेहमी दिसतात. आता त्यांच्यासोबत हेल्मेट घातलेले, कॅरिअरला बॅग बांधलेले सायकलस्वारही दिसू लागले आहेत.

सायकलवर शंभर किलोमीटर जायचं म्हटलं की बहुतेकांना पायांची काळजी वाटते. प्रत्यक्षात पहिल्या लांबच्या राइडला पाय टिकतात आणि बूड टिकत नाही. तिसाव्या किलोमीटरला अस्वस्थ वाटायला लागतं, पन्नासाव्याला माणूस सीटवर सारखा सरकत राहतो आणि सत्तराव्याला 'पुन्हा नको रे बाबा' असं ठरवून टाकतो. घरी आल्यावर पहिलं काम काय? बाजारात जाऊन सगळ्यात जाड, सगळ्यात मऊ सीट किंवा जेलचं कव्हर आणणं.

आणि बरेचदा त्याने दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढतं.

असं का होतं? लांबच्या प्रवासासाठी चांगली सीट म्हणजे नेमकी कशी? ती घरच्या घरी कशी ठरवायची? आणि नवी सीट घेण्याआधी जुन्या सीटवरच काय करून पाहता येतं? समजून घेऊया.

सायकलवर बसल्यावर वजन नेमकं कुठे येतं?

खुर्चीवर बसताना आपलं वजन नितंब आणि मांड्या अशा मोठ्या भागावर पसरतं. सायकलवर तसं होत नाही. पाय सतत वर-खाली हलत असतात, त्यामुळे मांड्यांचा आधार मिळत नाही. वजन तीन ठिकाणी वाटलं जातं : हातांवर, पायांवर आणि सीटवर.

सीटवर येणारं वजन पेलण्यासाठी शरीरात दोन खास हाडं आहेत. कडक फरशीवर किंवा लाकडी बाकावर मांडी न घालता ताठ बसा आणि दोन्ही हात नितंबांखाली घाला. हाताला दोन टणक उंचवटे लागतील. ती आपली बैठकीची हाडं. कमरेच्या हाडाचा हा सगळ्यात खालचा भाग.

या दोन हाडांच्या मधल्या जागेत मऊ भाग आहे. गुप्तांग आणि गुदद्वार यांच्यामधल्या या भागातून महत्त्वाच्या नसा आणि रक्तवाहिन्या जातात. वजन पेलणं हे या भागाचं काम नाही.

सगळा विषय या एका गोष्टीवर उभा आहे. चांगली सीट वजन हाडांवर घेते आणि मधला मऊ भाग मोकळा ठेवते. वाईट सीट याच्या उलट करते. सीट किती मऊ आहे, हा त्यानंतरचा प्रश्न.

मग मऊ सीट जास्त का दुखते?

दुकानात अंगठा दाबून पाहिला की मऊ सीट छान वाटते. पाच-दहा किलोमीटरला ती खरंच छान असते. गावातल्या गावात दूध, भाजी आणायला, शाळेत जायला तिच्यात काही गैर नाही.

लांबच्या प्रवासात मात्र गणित बदलतं. जाड, मऊ फोममध्ये बैठकीची हाडं हळूहळू रुततात. हाडं खाली गेली की त्यांच्या मधला फोम वर उचलला जातो आणि तो नेमका त्या मऊ भागात टोचायला लागतो. म्हणजे जिथे दाब यायला नको तिथेच तो वाढतो.

दुसरा त्रास घासण्याचा. रुंद आणि फुगीर सीटच्या कडा मांडीच्या आतल्या बाजूला लागतात. शंभर किलोमीटरच्या प्रवासात पॅडल काही हजार वेळा फिरतं. प्रत्येक फेरीला थोडं थोडं घासलं तरी संध्याकाळपर्यंत जांघेत कातडी सोलवटलेली असते.

जेल कव्हरचं तर आणखी वेगळं. ते सीटवर नीट घट्ट बसत नाही, पॅडल मारताना इकडेतिकडे सरकतं. मूळ सीटचा आकार झाकला जातो, मधली खाच असेल तर तीही बुजते. वर उन्हात ते तापतं आणि घाम धरून ठेवतं. एप्रिल-मे मधल्या मराठवाड्याच्या उन्हात यातून काय होईल ते वेगळं सांगायला नको.

बधिरपणा : दुर्लक्ष करू नये अशी खूण

हाडांच्या जागी दुखणं आणि मधल्या भागाला मुंग्या येणं, या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत.

नवीन सायकलस्वाराला पहिले दोन-तीन आठवडे बैठकीच्या हाडांच्या जागी दुखणारच. तालमीत पहिल्या दिवशी दंड दुखतात, तसंच हे आहे. सराव झाला की कमी होतं.

गुप्तांगाच्या भागात मुंग्या येणं किंवा तो भाग बधिर होणं हे मात्र सवयीने अंगवळणी पाडायचं दुखणं नव्हे. तिथल्या प्युडेंडल नावाच्या नसेवर आणि रक्तवाहिन्यांवर दाब येतोय, असा त्याचा अर्थ. आपल्याकडे हा विषय चारचौघांत बोलला जात नाही. मित्रालाही सांगायला संकोच वाटतो. त्यामुळे अनेक जण एक तर गप्प सहन करतात, नाही तर सायकलच सोडून देतात.

याबद्दल अभ्यास काय सांगतात?

- अमेरिकेतल्या कामगार आरोग्यविषयक सरकारी संस्थेने सायकलवरून गस्त घालणाऱ्या ९० पोलिसांवर केलेला अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. या पोलिसांना सहा महिने पुढचं टोक नसलेली सीट वापरायला दिली होती. आधीच्या सहा महिन्यांत बधिरपणा जाणवला नाही असं सांगणाऱ्यांचं प्रमाण सुरुवातीला २७ टक्के होतं, ते नंतर ८२ टक्क्यांवर गेलं. म्हणजे माणसं तीच, काम तेच, फक्त सीट बदलली.
- २०१८ मध्ये 'द जर्नल ऑफ युरॉलॉजी'त पुरुषांच्या एका मोठ्या सर्वेक्षणाचे निष्कर्ष आले. त्यात २,७७४ सायकलस्वारांची तुलना पोहणाऱ्यांशी आणि धावणाऱ्यांशी केली होती. सायकलस्वारांचं लैंगिक आरोग्य इतरांपेक्षा वाईट असल्याचं त्यात आढळलं नाही. म्हणजे 'सायकलने पुरुषत्व जातं' या भीतीला त्यातून आधार मिळत नाही.
- त्याच अभ्यासात दोन कामाच्या गोष्टी सापडल्या. एकूण वेळेच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त वेळ पॅडलवर उभं राहून सायकल चालवणाऱ्यांमध्ये बधिरपणा कमी होता. आणि ज्यांचं हँडल सीटपेक्षा खाली होतं, त्यांच्यात तो जास्त होता.

थोडक्यात, सायकल सोडायची गरज नाही. मात्र बधिरपणा जाणवला की सीट, तिची ठेवण किंवा बसण्याची पद्धत यांपैकी काहीतरी बदललंच पाहिजे.

आपल्याला किती रुंद सीट लागते? घरीच मोजा

बैठकीच्या हाडांमधलं अंतर प्रत्येकाचं वेगळं असतं. साधारणपणे ते १०० ते १५० मिलीमीटरच्या दरम्यान सापडतं. माणूस जाड आहे की बारीक, यावरून ते ठरत नाही. धिप्पाड माणसाची हाडं जवळ असू शकतात आणि सडपातळ माणसाची लांब. म्हणून अंदाज न बांधता मोजलेलं बरं.

त्यासाठी लागतं फक्त किराणा दुकानातून आणलेलं खोक्याच्या पुठ्ठ्याचं एक तुकडं, ज्याच्या आत नळीदार थर असतो तसं.

१. पुठ्ठा कडक, सपाट जागेवर ठेवा. दगडी पायरी किंवा लाकडी स्टूल उत्तम.
२. पातळ कपड्यात त्यावर बसा. पायाखाली एक-दोन विटा घ्या, म्हणजे गुडघे थोडे वर येतील आणि वजन नीट हाडांवर पडेल.
३. सायकल चालवताना जितकं पुढे वाकता तितकंच वाका. अर्धा-एक मिनिट तसेच बसून राहा.
४. उठून पुठ्ठ्यावर हात फिरवा. दोन खळगे लागतील. प्रत्येकाच्या मध्यभागी पेनाने खूण करा.
५. दोन खुणांमधलं अंतर मिलीमीटरमध्ये मोजा. दोन-तीनदा करून पाहा.

आता या आकड्यात थोडी भर घालायची. कारण सीटच्या कडा खाली वळलेल्या असतात, त्यामुळे छापील रुंदी पूर्ण वापरात येत नाही. मध्यम वाकून लांब जाणाऱ्यांसाठी २० ते ३० मिलीमीटरची भर ही चांगली सुरुवात. शर्यतीसारखं खूप खाली वाकत असाल तर त्यापेक्षा कमी, अगदी ताठ बसत असाल तर त्यापेक्षा जास्त.

उदाहरणार्थ, खुणांमधलं अंतर ११५ मिलीमीटर आलं आणि तुम्ही मध्यम वाकून चालवता, तर १३५ ते १४५ मिलीमीटर रुंदीच्या सीटपासून शोध सुरू करा. अनेक कंपन्या एकच सीट १३०, १४३, १५५ अशा वेगवेगळ्या रुंदींत विकतात. रुंदीचा आकडा सीटखाली किंवा खोक्यावर लिहिलेला असतो. नसेल तर मागची सगळ्यात रुंद जागा टेपने मोजा.

ताठ बसणाऱ्याची सीट वेगळी, वाकणाऱ्याची वेगळी

हे समजून घेतलं की शेजाऱ्याला सोन्यासारखी वाटणारी सीट आपल्याला का टोचते, याचं उत्तर मिळतं.

ताठ बसलं की जवळपास सगळं वजन मागे, बैठकीच्या हाडांवर येतं. म्हणून दूधवाल्यांच्या जुन्या काळ्या सायकलची सीट रुंद असते आणि तिच्याखाली स्प्रिंगा असतात. पुढे वाकलं की कंबर फिरते, वजन थोडं पुढे सरकतं आणि हातांवरही जातं. तेव्हा रुंद सीट मांड्यांना आडवी येते. म्हणून शर्यतीच्या सायकलची सीट अरुंद दिसते.

लांबचा प्रवास या दोन्हींच्या मधे येतो. रोज पाच-सात तास बसायचं असतं, सामान असतं, वेगाची घाई नसते. म्हणून हँडल सीटच्या उंचीइतकं किंवा थोडं वर, आणि सीट मध्यम रुंदीची, ही जोडी बहुतेकांना मानवते.

कोणत्या प्रकारच्या सीट मिळतात?

*टणक फोमची सीट.* प्लॅस्टिकचं कवच, त्यावर पातळ पण घट्ट फोम. आज सगळ्यात जास्त मिळणारा प्रकार. हाताला कडक वाटते म्हणून दुकानात नापसंत होते. पण रुंदी बरोबर असेल तर बहुतेकांसाठी हीच पुरेशी ठरते. पाऊस-धुळीची फारशी काळजी नाही आणि किंमतही आवाक्यात.

*मधे खाच किंवा मोकळी जागा असलेली सीट.* मधल्या मऊ भागावरचा दाब कमी करण्यासाठी. बधिरपणाचा त्रास असेल त्यांनी आधी हीच पाहावी. मात्र खाच आहे म्हणून चुकीची रुंदी चालून जात नाही. काहींना खाचेच्या कडाही टोचतात.

*आखूड नाकाची सीट.* पुढचं टोक नेहमीपेक्षा काही सेंटिमीटर छोटं. जे खूप पुढे वाकून चालवतात त्यांना उपयोगी. लांबच्या प्रवासात मागेपुढे सरकून जागा बदलायची सवय असलेल्यांना ती अडचणीची वाटू शकते.

*चामड्याची सीट.* लांबच्या प्रवासात हिचं नाव हमखास निघतं. इंग्लंडमधल्या ब्रूक्स कंपनीची सुरुवात १८६६ मध्ये बर्मिंगहॅमला झाली, तीही घोड्यांचं सामान आणि चामड्याच्या वस्तू बनवण्यापासून. सायकलच्या सीटचं पहिलं पेटंट त्यांनी १८८२ मध्ये घेतलं. त्यांचं बी-१७ हे मॉडेल १८९० च्या दशकापासून आजही चालू आहे.

या सीटला फोमच नसतो. जाड चामडं दोन टोकांना ताणून बसवलेलं असतं, पाळण्याच्या झोळीसारखं. काहीशे किलोमीटर झाले की हाडांच्या जागी ते थोडं खोलगट होतं आणि सीट तुमच्या अंगाची होऊन जाते. आपल्याकडच्या जुन्या काळ्या सायकलींना अशाच चामडी सीट यायच्या. आजोबांची सीट दगडासारखी दिसूनही ते त्यावर दिवसभर कसे बसायचे, याचं उत्तर इथे आहे.

तोटे? वजनाने जड. बी-१७ अर्धा किलोच्या आसपास भरते. किंमत हजारांच्या घरात. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पाणी. ओलं चामडं ताणलं जातं आणि आकार बिघडतो. पावसाळ्यात सीटवर प्लॅस्टिकची पिशवी बांधणं आणि मधूनमधून चामड्याचं खास मेण लावणं ज्यांना जमेल, त्यांनीच हिच्या वाटेला जावं.

*रबर आणि कापडाची सीट.* चामड्यासारखीच झोळीची रचना, पण रबर आणि सुती कापडाची. पावसाला घाबरत नाही, सरावायला वेळ लागत नाही. किंमत मात्र चामड्याच्या सीटच्या आसपासच.

*स्प्रिंगवाली सीट.* ताठ बसून, खराब रस्त्यावर चालवत असाल तर चांगली. वाकून जोरात पॅडल मारणाऱ्याला तिच्यावर डुलल्यासारखं होतं.

महिलांसाठी वेगळी सीट हवी का?

महिलांच्या बैठकीच्या हाडांमधलं अंतर सरासरीने पुरुषांपेक्षा थोडं जास्त असतं. म्हणून 'लेडीज' म्हणून विकल्या जाणाऱ्या सीट रुंद आणि थोड्या आखूड असतात. पण सरासरी म्हणजे प्रत्येक जण नव्हे. आधी मोजा, मग ठरवा. लेबल स्त्रीचं की पुरुषाचं, याने फरक पडत नाही.

महिलांमध्ये हा त्रास कमी असतो असाही एक समज आहे. २०१८ मध्येच आलेल्या महिलांच्या सर्वेक्षणात सायकल चालवणाऱ्या महिलांनी बधिरपणा, सीटमुळे येणाऱ्या जखमा आणि लघवीच्या मार्गाचा संसर्ग या तक्रारी पोहणाऱ्या आणि धावणाऱ्या महिलांपेक्षा जास्त सांगितल्या. त्यामुळे मधे मोकळी जागा असलेली सीट, कोरडे कपडे आणि भरपूर पाणी या तीन गोष्टी महिलांसाठीही तितक्याच महत्त्वाच्या.

आणि योग्य बसलं की किती लांब जाता येतं? पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीने २०१८ मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी, सुमारे २९,००० किलोमीटरची जगप्रदक्षिणा १५९ दिवसांत सायकलवर पूर्ण केली.

थांबा! नवी सीट घेण्याआधी हे करून पाहा

अनेकदा सीट बरोबर असते, पण ती चुकीची बसवलेली असते. खर्च शून्य. लागतो एक एलन की किंवा पाना, आणि अर्धा तास.

उंची : सायकल भिंतीला टेकवा, सीटवर बसा. पॅडल सगळ्यात खाली असताना त्यावर टाच ठेवा. पाय सरळ झाला पाहिजे. मग नेहमीसारखा पंजा ठेवला की गुडघा आपोआप थोडा वाकलेला राहतो. आकड्यात हवं असेल तर जांघेपासून जमिनीपर्यंतची उंची मोजा आणि तिला ०.८८३ ने गुणा. पायाची उंची ८० सेंटिमीटर असेल तर उत्तर येतं ७०.६. क्रँकच्या मध्यापासून सीटच्या वरच्या भागापर्यंत, सीटच्या पाइपच्या रेषेत, साधारण तेवढं अंतर हवं. सीट खूप उंच असेल तर प्रत्येक पॅडलला कंबर डावी-उजवीकडे हलते आणि घासून जखमा होतात. खूप खाली असेल तर पायांवर वजन येत नाही, ते सगळं सीटवर बसतं आणि गुडघेही दुखतात.

कल : आधी सीट सपाट ठेवा. मोबाइलमध्ये पाणसळीचं अॅप असतं. सीटवर सपाट वही ठेवून त्यावर मोबाइल ठेवला की कळतं. पुढचं टोक वर असेल तर मधल्या भागावर दाब येतो. टोक फार खाली असेल तर माणूस सारखा पुढे घसरतो आणि हात, मनगटं, खांदे भरून येतात. बदल करायचाच तर एक-दोन अंशांचाच.

मागेपुढे : दोन्ही पॅडल जमिनीला समांतर ठेवा. पुढच्या गुडघ्याच्या वाटीखालून ओळंबा सोडला तर तो पॅडलच्या एक्सलच्या आसपास यायला हवा. सुरुवातीसाठी एवढं पुरे.

एका वेळी एकच बदल करा आणि तोही तीन ते पाच मिलीमीटरचा. जुन्या जागेवर चिकटपट्टीने खूण करून ठेवा, म्हणजे परत फिरता येईल.

कुठे दुखतंय, त्यावरून अंदाज बांधता येतो :

- फक्त हाडांच्या जागी दुखतं : सराव कमी, किंवा सीट फार अरुंद वा फार मऊ.
- मधे बधिर होतं : टोक वर, हँडल खाली, किंवा रुंदी कमी. खाच असलेली सीट पाहा.
- जांघेत सोलवटतं : सीट रुंद, किंवा कपड्याची शिवण घासते.
- एकाच बाजूला दुखतं : सीट वाकडी बसली आहे, उंची जास्त आहे, किंवा सीटची दांडी वाकली आहे.
- हात आणि मान भरून येते : टोक खाली, किंवा हँडल लांब.

टायरही तपासा. दगडासारखी हवा भरलेला अरुंद टायर रस्त्याचा प्रत्येक खड्डा सीटपर्यंत पोचवतो. थोडा रुंद टायर आणि टायरवर छापलेल्या मर्यादेत थोडी कमी हवा, याने पुष्कळ फरक पडतो.

कपडे आणि घाम : अर्धी लढाई इथेच

जीन्स घालून पन्नास किलोमीटर गेलात तर जगातली कोणतीही सीट तुम्हाला वाचवू शकणार नाही. जीन्सची जाड शिवण नेमकी बसायच्या जागी येते.

- पॅड असलेली सायकलिंगची चड्डी घ्या. ती घातल्यावर आत दुसरी चड्डी घालायची नसते. बरेच जण घालतात आणि मग शिवणीने घासतं.
- लाज वाटत असेल तर वरून सैल पँट घाला.
- घासणाऱ्या जागी व्हॅसलीनसारखी पेट्रोलियम जेली लावा. ती चामड्याच्या सीटला मात्र लागू देऊ नका.
- राइड संपली की लगेच चड्डी बदला, अंग धुऊन कोरडं करा. ओल्या चड्डीत चहाच्या टपरीवर तासभर बसणं हे पुरळ आणि गळवांना आमंत्रण आहे.
- अनेक दिवसांचा प्रवास असेल तर दोन चड्ड्या हव्यातच. एक अंगात, एक धुऊन वाळत.

नाशिकहून पंढरपूरला सायकल वारी जाते, तसे आता अनेक गावांचे गट सायकलवर देवदर्शनाला निघतात. अशा प्रवासात पहिल्या दिवसापेक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी सीटवर बसणं अवघड असतं. आदल्या रात्रीची स्वच्छता तिथे कामी येते.

सीट विकत घेताना काय पाहायचं?

आपल्या सायकलला ती बसेल का, हे सगळ्यात आधी. नव्या सीटखाली दोन समांतर दांड्या असतात आणि त्या सीटपोस्टच्या क्लॅम्पमध्ये बसतात. जुन्या काळ्या सायकलला वर साधा पाइप असतो, तिथे वेगळा क्लॅम्प लागतो. सीटपोस्टही बदलायचा असेल तर जुना काढून दुकानात घेऊन जा. त्याची जाडी बहुधा त्याच्यावरच छापलेली असते, जसं २७.२. अर्ध्या मिलीमीटरचा फरकही चालत नाही.

दुकानात दोन मिनिटं बसून काहीही कळत नाही. परत किंवा बदलून मिळेल का, ते आधीच विचारा. ओळखीच्या सायकलस्वाराकडून आठवडाभर सीट उसनी मिळाली तर त्याहून उत्तम.

आणि किमतीला भुलू नका. मोजून घेतलेली साधी सीट, न मोजता घेतलेल्या महागड्या सीटपेक्षा कधीही बरी.

चाचणी कशी घ्यायची?

नवी सीट लावून थेट तुळजापूर गाठायला निघू नका. चौसाळ्याकरांसाठी टप्पे रस्त्यावरच आखलेले आहेत.

पहिल्या आठवड्यात मांजरसुंब्यापर्यंत जाऊन परत या. तीस-पस्तीस किलोमीटर होतात. ठेवणीतली मोठी चूक असेल तर इथेच कळते. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात बीडपर्यंत जाऊन या, सत्तरच्या आसपास. येताना मांजरसुंब्याचा घाट चढावा लागतो. चढावर माणूस नकळत सीटच्या पुढच्या टोकाकडे सरकतो आणि जोर लावतो, त्यामुळे सीटची खरी परीक्षा घाटात होते. तिसरा टप्पा सामान बांधून, सलग दोन दिवस. दुसऱ्या दिवशीही बसता आलं, तर सीट पास.

प्रत्येक राइडनंतर वहीत दोन ओळी लिहा : किती किलोमीटरला, कुठे दुखलं. तीन-चार राइडनंतर तक्रार नेमकी काय आहे ते स्पष्ट दिसतं.

राइडमध्ये दर दहा-पंधरा मिनिटांनी पॅडलवर उभे राहा. उतार आला, गतिरोधक आला, रस्ता खडबडीत लागला की उठा. थोड्या सेकंदांत रक्तपुरवठा मोकळा होतो. मुंग्या यायची वाट पाहू नका.

डॉक्टरांकडे कधी जायचं?

राइडनंतर बधिरपणा काही वेळात जायला हवा. तो दुसऱ्या दिवसापर्यंत टिकला, लघवीला त्रास झाला किंवा लघवीतून रक्त आलं, तर सायकल बंद करून डॉक्टरांना दाखवा. सीटच्या जागी आलेलं गळू मोठं होत असेल, ताप असेल, तर ते घरी फोडू नका. मधुमेह असणाऱ्यांनी लहान जखमेकडेही दुर्लक्ष करू नये. आणि डॉक्टरांना सायकलबद्दल मोकळेपणाने सांगा, कारण निदान तिथूनच सुरू होतं.

लांब जाणारे काय वेगळं करतात?

नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये जोडीने अमेरिकेतली 'रेस अॅक्रॉस अमेरिका' पूर्ण केली. २०१७ मध्ये नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी तीच सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत एकट्याने, बारा दिवसांच्या मुदतीत संपवली. आपल्याकडेही बीआरएम नावाच्या राइड होतात. त्यात २०० किलोमीटरसाठी साडेतेरा तास मिळतात.

इतका वेळ सीटवर काढायचा तर नुसती सहनशक्ती पुरत नाही. सीट, तिची उंची, कपडे आणि बसण्याची सवय, सगळं आधीच जुळवून घ्यावं लागतं. ते जुळवण्याची पद्धत मात्र शर्यतवाल्याला आणि तुळजापूरला निघालेल्याला सारखीच आहे.

थोडक्यात लक्षात ठेवा

- सीट अंगठ्याने दाबून निवडू नका, पुठ्ठ्यावर बसून मोजा.
- आधी उंची, कल आणि मागेपुढे हे जुळवा. पैसे नंतर खर्च करा.
- हाडांचं दुखणं सरावाने जातं. बधिरपणा सरावाने घालवायचा नसतो.
- जेल कव्हरपेक्षा पॅडची चड्डी बरी.
- शंभर किलोमीटरच्या आधी तीस आणि सत्तरची परीक्षा घ्या.
- अधूनमधून उभे राहा.

तुमच्या ओळखीत कुणी 'बूड दुखतं' म्हणून सायकल अडगळीत टाकली असेल, तर त्यांना हा लेख नक्की पाठवा. कदाचित त्यांना नवी सीटही लागणार नाही. एक एलन की आणि खोक्याचा पुठ्ठा पुरेल.